हायपरपोलराइज्ड कार्बन आणि चयापचयाचं इमेजिंग: यात पीएचडी करावी का?

भोवरा:

नमस्कार मंडळी,

एमएस्सी फिजिक्स झालंय, कंडेन्स्ड मॅटर घेऊन. पीएचडीसाठी दोन ठिकाणी निवड झाली आहे आणि लवकरच होकार कळवायचा आहे. पहिला विषय नेहमीच्या हायड्रोजन एमआरआयचा: कमी डेटातून झटपट इमेज कशी तयार करायची, त्यात बरंचसं मशीन लर्निंग. दुसरा विषय हायपरपोलराइज्ड कार्बन-१३ चा: पायरुव्हेटवर (साखर फुटताना तयार होणारा रेणू) सिग्नल कैक पटींनी वाढवणारी खास प्रक्रिया करून ते शिरेतून द्यायचं आणि शरीरात त्याचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) कुठे, किती वेगाने होतं ते स्कॅनरवर बघायचं. या दुसऱ्या गाईडशी बोललो तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. पण ज्याला विचारावं तो पहिल्याकडेच बोट दाखवतोय.

त्यांची कारणं खोटी नाहीत. ही प्रक्रिया करणारी पोलरायझरची यंत्रं जगात मोजकी. सिग्नल एक-दोन मिनिटांत संपतो. गाठ साखर किती ओढते हे बघायला पेट स्कॅन आहेच. आणि माझी बायोलॉजी शाळेतच सुटली.

ज्यांनी या कामात आयुष्य घातलंय त्यांनी सांगावं अशी विनंती. पंचवीस-तीस वर्षं यात काढली की हाती काय लागतं? एकाच तंत्राच्या खुंटीला बांधल्यासारखं होतं का? आणि रोज उठून तुम्ही नेमकं करता काय?

क्षकिरण:

मी रेडिओलॉजिस्ट आहे, तेव्हा रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगतो. चयापचय दाखवणारी एक पद्धत आमच्याकडे आधीपासून आहे: हायड्रोजन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे स्कॅनरवर इमेजऐवजी वेगवेगळ्या रेणूंची शिखरं मोजणं. मेंदूतल्या गाठीत कोलीन वाढलेलं दिसतं, एनएए (चेतापेशींची खूण असलेला रेणू) घटलेलं दिसतं, कधी १.३३ पीपीएमला (शिखराची पट्टीवरची जागा) लॅक्टेटची जोडशिखरं दिसतात. आयडीएच जनुकात म्युटेशन असलेल्या ग्लायोमात (मेंदूच्या एका प्रकारच्या गाठीत) टू-एचजी हे रसायन साठतं, तेही बाहेरून मोजता येतं, यावर २०१२ मध्ये चांगलं काम झालं. तरीही रोजच्या कामात स्पेक्ट्रोस्कोपीची मागणी कमीच. वेळ खाते, कवटीच्या हाडाजवळ शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) बिघडतं आणि सर्जनचा भरवसा कॉन्ट्रास्ट आणि डिफ्यूजनवर.

हायपरपोलराइज्ड पायरुव्हेट मी फक्त कॉन्फरन्समध्ये पाहिलंय. सुंदर आहे. पण गाईडला एक विचारून घ्या: या इमेजमुळे कुठल्या पेशंटचा कुठला निर्णय बदलेल? उत्तर तयार असेल तर खुशाल जा.

अनुनाद:

भोवरा, मी वयाने बरीच मोठी असणार, म्हणून सरळ अरे-तुरे करते. पंचवीसहून जास्त वर्षं याच कामात आहे आणि तुझ्यासारखीच फिजिक्सकडून आले. लांबलचक होईल, सवडीने वाच.

आधी खुंटीचा प्रश्न घेते, कारण तोच कळीचा आहे. तंत्राला बांधून घेतलंस तर अडकशील, यात शंका नाही. या क्षेत्रात दर दहा-बारा वर्षांनी हातातलं यंत्र बदलतं. ज्यांची कामं टिकली त्यांनी एक प्रश्न धरून ठेवला: जिवंत माणसात, काहीही न कापता, खाल्लेल्या साखरेचं पुढे काय होतं आणि त्यातली ऊर्जा कुठे जाते? मग त्या प्रश्नाला फॉस्फरस लागला तेव्हा फॉस्फरस उचलला, कार्बन लागला तेव्हा कार्बन, आता ड्युटेरियम (जड हायड्रोजन). माझंही असंच होत गेलं.

माझी पीएचडी फॉस्फरस-३१ वर झाली, विषय पोटरीचा स्नायू. पहिलं वर्ष सोल्डरिंगमध्ये गेलं. तांब्याच्या पट्टीची सरफेस कॉइल (शरीराला लागून ठेवायची अँटेना) वाकवायची, कपॅसिटर बदलत बदलत तिला फॉस्फरसच्या वारंवारतेवर आणायचं, मग कोणाची तरी पोटरी वर ठेवली की ट्युनिंग सरकतं, की पुन्हा सगळं पहिल्यापासून. कंटाळवाणं वाटतंय ना? पण सिग्नल कुठून येतो आणि कुठे गळतो हे मला त्या कॉइलने शिकवलं, पुस्तकाने नाही.

आता प्रयोग डोळ्यांसमोर आण. माणूस मॅग्नेटमध्ये आडवा झालाय, पायाखाली पेडल, पोटरीखाली कॉइल. काही सेकंदांना एक स्पेक्ट्रम पडद्यावर येतोय. मधोमध फॉस्फोक्रिएटिनचं (ऊर्जेचा राखीव साठा) उंच शिखर, उजवीकडे एटीपीची (पेशीचं थेट इंधन) तीन, डावीकडे अजैविक फॉस्फेटचं छोटंसं. 'दाबा' म्हटलं की पेडल चालू होतं. फॉस्फोक्रिएटिन खाली बसायला लागतं, अजैविक फॉस्फेट वर चढतं आणि एटीपी जागचं हलत नाही, कारण शरीर ते दुसऱ्या साठ्यातून भरत राहतं. जोर वाढवला की आणखी एक गोष्ट होते: अजैविक फॉस्फेटचं शिखर हळूहळू फॉस्फोक्रिएटिनकडे सरकू लागतं. स्नायूत आम्ल वाढतंय, आणि त्या सरकण्यावरून पीएच काढता येतो. सुई नाही, रक्त नाही. 'थांबा' म्हटलं की फॉस्फोक्रिएटिन परत भरू लागतं. किती वेगाने भरतं, यावरून त्या माणसाच्या मायटोकाँड्रिया कशा चालल्यात ते कळतं. हा प्रयोग मी आजही नव्या विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी दाखवते.

एटीपीची ती तीन शिखरं पहिल्यांदा नीट ओळखून मांडली मिल्ड्रेड कोन यांनी, टॉमस ह्यूज यांच्याबरोबर, १९६० मध्ये. या बाईंची कारकीर्द तू मुद्दाम वाच. पीएचडी हॅरल्ड यूरींकडे, समस्थानिकांवर. पुढे सेंट लुईसला कोरी दांपत्याच्या प्रयोगशाळेत ऑक्सिजन-१८ वापरून फॉस्फेटच्या अभिक्रियांचा माग काढला. बरीच वर्षं रिसर्च असोसिएट म्हणूनच राबल्या, प्राध्यापकपद उशिरा आलं. त्यांचा प्रश्न शेवटपर्यंत एकच होता: एन्झाइम फॉस्फेटची देवघेव नेमकी कशी करतं? एनएमआर (एमआरआयच्या मुळाशी असलेलं चुंबकीय अनुनादाचं तंत्र) त्यांनी त्या प्रश्नासाठी हाती घेतलं.

दुसरं नाव जॉर्ज राडा. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून ऑक्सफर्डला आलेला रसायनशास्त्राचा विद्यार्थी. १९७४ मध्ये रेक्स रिचर्ड्स आणि इतरांबरोबर उंदराच्या पायाच्या अख्ख्या स्नायूतून फॉस्फरसचा स्पेक्ट्रम मिळवला. तोवर जीवरसायनवाले स्नायू वाटून, त्याचा अर्क काढून मोजत होते. सात वर्षांनी, १९८१ मध्ये, याच गटाने मॅकआर्डल आजाराचा संशय असलेल्या एका पेशंटचा हात मॅग्नेटमध्ये घातला. या आजारात स्नायूला स्वतःचं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) फोडता येत नाही, म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार व्हायला नको. व्यायाम करूनही पीएच खाली आला नाही. आत्ता मी सांगितलं ते शिखर सरकलंच नाही! क्षकिरण यांनी विचारलंय ना, कुठल्या पेशंटला काय उपयोग? त्याचं या क्षेत्रातलं माझं सगळ्यात आवडतं उत्तर हे आहे. सुरुवातीच्याच पेशंटपैकी एकाला सरळ निदान मिळालं.

पोस्टडॉकला मी कार्बनकडे वळले, कारण फॉस्फरस ऊर्जेचा साठा दाखवतो, साखरेची वाट दाखवत नाही. निसर्गात कार्बन-१३ फक्त १.१ टक्के. म्हणून ग्लुकोज कार्बन-१३ ने लेबल करून शिरेतून द्यायचं आणि ते स्नायूत ग्लायकोजेन म्हणून किती जमा होतं ते मोजायचं. ग्लायकोजेन एवढा अवाढव्य रेणू, तरी त्याचा कार्बन-१३ सिग्नल जवळजवळ पूर्ण दिसतो, ही निसर्गाची मेहेरबानीच म्हणायची. येलला रॉबर्ट शुलमन, डग्लस रॉथमन आणि जेराल्ड शुलमन यांनी यावर जे काम उभं केलं ते माझ्या मते या सगळ्या विषयाचं शिखर आहे. १९९० च्या पेपरमध्ये टाइप-२ डायबेटिसच्या पेशंटमध्ये स्नायूत ग्लायकोजेन बनण्याचा वेग निरोगी माणसांच्या निम्म्याहूनही कमी निघाला. ठीक, पण अडतं कुठे? साखर पेशीत शिरतानाच, की फॉस्फेट जोडताना, की ग्लायकोजेन बांधताना? ते शोधायला ग्लुकोज-६-फॉस्फेट फॉस्फरसने मोजलं, पेशीतलं ग्लुकोज कार्बनने मोजलं आणि १९९९ मध्ये दाखवून दिलं की अडतं ते साखर पेशीत शिरतानाच. दोन केंद्रकं, एक प्रश्न, नऊ वर्षं. तुला 'कारकीर्द' कशी असते ते बघायचं असेल तर हे दोन पेपर समोरासमोर ठेवून वाच.

आता तुझं हायपरपोलरायझेशन. ३ टेस्लाच्या स्कॅनरमध्ये शरीराच्या तापमानाला कार्बन-१३ ची जी केंद्रकं एका दिशेने जास्त भरतात ती दर दहा लाखांत दोन-तीन. बाकी सगळी एकमेकांना खोडून काढतात. अल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी १९५३ मध्ये सांगितलं की इलेक्ट्रॉनचं ध्रुवीकरण (असं एका दिशेने जास्त भरणं) केंद्रकाला देता येईल, आणि त्याच वर्षी कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी लिथियम धातूत ते करून दाखवलं. पण पेशंटच्या शिरेत धातू सोडता येत नाही. मधे पन्नास वर्षं गेली. २००३ मध्ये यान हेन्रिक आर्डेनक्येर-लार्सन, क्लास गोलमन आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या माल्मोहून दाखवलं की अतिथंडीत ध्रुवीकरण करायचं आणि मग गरम द्रावकाने क्षणात विरघळवायचं. द्रवात सिग्नल दहा हजार पटींहून जास्त वाढला. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सेरा नेल्सन आणि त्यांच्या गटाने प्रोस्टेट कॅन्सरच्या ३१ पेशंटमध्ये पायरुव्हेट वापरून पहिला मानवी अभ्यास छापला.

रोज काय करता विचारलंस, तर इंजेक्शनचा दिवस कसा जातो ते सांगते. पायरुव्हिक आम्लात ट्रिटिल रॅडिकल (मोकळा इलेक्ट्रॉन असलेला रेणू, ध्रुवीकरण त्याच्याकडूनच मिळतं) मिसळून नमुना सकाळीच पोलरायझरमध्ये जातो. एक केल्विनच्या आसपास तापमान, वर मायक्रोवेव्ह. ध्रुवीकरणाची रेषा पडद्यावर चढत जाते, त्यात दोन-तीन तास सहज जातात. तेवढ्यात पेशंटला समजावणं, कॉइल बसवणं, शिमिंग, शेजारी ठेवलेल्या कार्बन-१३ युरियाच्या फँटमवर (चाचणीच्या नमुन्यावर) वारंवारता पक्की करणं. मग सगळे आपापल्या जागी उभे राहतात आणि खोलीत कोणी बोलत नाही. तापलेलं, दाबाखालचं पाणी नमुन्यावर सुटतं, आम्ल उदासीन होतं, रॅडिकल गाळलं जातं. पीएच, तापमान, पायरुव्हेट किती, रॅडिकल किती उरलं, सगळं काही सेकंदांत मोजून फार्मासिस्ट 'द्या' म्हणतो. सिरिंज इंजेक्टरवर. विरघळवल्यापासून मिनिटभर निघून गेलेलं असतं, आणि पायरुव्हेटच्या पहिल्या कार्बनचा टी-१ (ध्रुवीकरण ओसरण्याचा कालावधी) सुद्धा साधारण मिनिटभराचाच, म्हणजे दोन तृतीयांशाच्या आसपास ध्रुवीकरण शिरेत जायच्या आतच गेलेलं. उरलेल्यातून प्रत्येक आरएफ पल्स थोडं थोडं खाते, आणि खाल्लेलं परत येत नाही. म्हणून फ्लिप अँगल (पल्स केंद्रकांना किती वळवते तो कोन) लहान ठेवायचे, लॅक्टेटला वेगळा, पायरुव्हेटला वेगळा. १७१ पीपीएमला पायरुव्हेट उगवतं, काही सेकंदांनी १८३ ला लॅक्टेट. हृदय असेल तर १६१ ला बायकार्बोनेट: पायरुव्हेट मायटोकाँड्रियात गेलं, पहिला कार्बन सुटून कार्बन डायऑक्साइड झाला, त्याची ती खूण. दीड-दोन मिनिटांत सगळं आटोपतं. त्या दोन मिनिटांसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, फार्मसी, नर्सिंग, सगळ्यांनी मिळून काम करायचं असतं. मला हे अजूनही अतिशय सुंदर वाटतं.

पेट आहे मग हे कशाला, असं लोक म्हणतात. एफडीजी (पेटसाठी देतात ते किरणोत्सर्गी ग्लुकोज) पेशीत जाऊन फॉस्फेट लागलं की तिथेच अडकतं. पुढे काय झालं, ऊर्जेसाठी जाळलं की लॅक्टेट केलं, हे पेटला दिसू शकत नाही. आणि जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वी उभा केलेला प्रश्न नेमका तोच होता: ऑक्सिजन असतानाही गाठ लॅक्टेट का करते? उपचार लागू पडला का, हेही इथे लवकर दिसतं. केंब्रिजच्या केव्हिन ब्रिंडल यांच्या गटाने २००७ मध्ये लिम्फोमाच्या उंदरांना औषध दिलं आणि दिवसभराच्या आत लॅक्टेटचा सिग्नल घसरलेला पाहिला. गाठ लहान व्हायला वेळ लागतो, तिची रसायनं आधी बदलतात.

पण एक सावधगिरी आत्ताच सांगून ठेवते, कारण पेपर वाचताना हे सहज निसटतं. पायरुव्हेटवरचं लेबल लॅक्टेटमध्ये गेलं म्हणजे तेवढं नवं लॅक्टेट तयार झालं, असं नाही. पायरुव्हेटचं लॅक्टेट करणारं एलडीएच एन्झाइम दोन्ही दिशांनी चालतं. पेशीत आधीपासून लॅक्टेटचा मोठा साठा असेल तर नुसत्या अदलाबदलीनेही लेबल तिकडे जातं. शिवाय पायरुव्हेट पेशीत शिरायला वाहक प्रथिन लागतं, ते किती आहे हेही त्या सिग्नलमध्ये मिसळलेलं. लाल-पिवळा नकाशा छान दिसतो. त्यातला लाल रंग एन्झाइमचा, वाहकाचा की साठ्याचा, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगणारी माणसं कमी आहेत, आणि तू फिजिक्सचा असल्यामुळे गणितं मांडून ते करू शकशील.

भोवरा:

अनुनादताई, हे दोनदा वाचलं. मनापासून आभार. क्षकिरणसाहेब, तुमचा प्रश्न वहीत लिहून घेतलाय.

आणखी दोनच विचारतो. तुम्ही वर ड्युटेरियमचं नाव घेतलंत. ते इतकं सोपं असेल तर हायपरपोलरायझेशन मागेच पडणार नाही का? आणि बायोलॉजी शून्य असताना सुरुवात कुठून करू?

कार्बनी:

मी सिंथेसिसचा माणूस, ध्रुवीकरणासाठी रेणू बनवतो. ताईंच्या पोस्टला एक पुरवणी. सगळे पायरुव्हेटच का वापरतात? ज्या कार्बनला लेबल लावतो त्याला थेट हायड्रोजन चिकटलेला नाही, म्हणून ध्रुवीकरण तुलनेने टिकतं. शुद्ध पायरुव्हिक आम्ल गोठताना स्फटिक न होता काचेसारखं होतं, त्यामुळे रॅडिकल त्यात सारखं पसरून राहतं, वेगळं काही मिसळावं लागत नाही. शिवाय साखरेच्या वाटेवरचा तो तिठा आहे. एकाच रेणूत हे सगळं जुळून येणं दुर्मीळ. आम्ही नवे रेणू करतो तेव्हा बहुतेक जण यातल्या कशात तरी नापास होतात.

तरी पायरुव्हेटपलीकडे रस्ते आहेत. फ्युमरेट दिलं आणि त्याचं मॅलेट झालेलं दिसलं तर तिथल्या पेशी मरून फुटल्यात, कारण धडधाकट पेशीत फ्युमरेट इतक्या पटकन शिरत नाही. बायकार्बोनेट दिलं तर ते आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या प्रमाणावरून ऊतीचा पीएच काढता येतो. दोन्ही केंब्रिजची कामं, २००८-०९ ची. आणि पोलरायझरशिवायही ध्रुवीकरण करता येतं: पॅराहायड्रोजन (हायड्रोजन वायूचं एक खास रूप) वापरून. यॉर्कच्या सायमन डकेट यांच्या गटाने २००९ मध्ये सेबर ही पद्धत मांडली, त्यात रेणूला हायड्रोजन कायमचा जोडावाही लागत नाही. इथे केमिस्ट आणि फिजिसिस्ट एका बाकावर बसतात. मला तरी आणखी काही नको.

अनुनाद:

कार्बनी, फ्युमरेटची आठवण करून दिलीत ते बरं झालं.

भोवरा, ड्युटेरियमचं सांगते. येलच्या हेंक डी फायटर, रॉबिन डी ग्राफ आणि मंडळींनी २०१८ मध्ये ते माणसांवर दाखवलं. सहाव्या कार्बनवर ड्युटेरियम असलेलं ग्लुकोज पाण्यातून प्यायला द्यायचं, तासभर थांबायचं आणि मेंदूचा स्कॅन घ्यायचा. ग्लुकोज ३.८ पीपीएमला, ग्लुटामेट-ग्लुटामिन २.४ ला, लॅक्टेट १.३ ला. निरोगी मेंदू साखर जाळतो म्हणून तिथे ग्लुटामेटचं शिखर उंच. ग्लायोब्लास्टोमात (मेंदूच्या एका आक्रमक कॅन्सरमध्ये) ते खचलेलं आणि लॅक्टेट वर. किरणोत्सर्ग नाही, घाई नाही, पोलरायझर नाही. निसर्गात हायड्रोजनच्या दर दहा हजार अणूंमागे ड्युटेरियमचे जेमतेम दीड, त्यामुळे पाण्याचं शिखर दाबून टाकायची कटकट नाही, उलट तेच मोजमापाला आधार म्हणून वापरतात.

म्हणून मीही आता अर्धा वेळ ड्युटेरियमला देते. पण दोघांचं काम वेगळं आहे. ड्युटेरियमची इमेज ढोबळ असते आणि ती तासाभराचा साचलेला हिशेब दाखवते. हायपरपोलराइज्ड पायरुव्हेट एकच अभिक्रिया दाखवतं, पण ती चालू असताना, सेकंदासेकंदाला. हृदय उपाशी असताना आणि जेवल्यावर इंधन कसं बदलतं हे बघायचं असेल तर मी पायरुव्हेटच घेईन. मेंदूची गाठ असेल तर आज आधी ड्युटेरियम. पाच वर्षांनी माझं मत बदललेलं असेल, आणि तसं व्हायलाही हवं.

बायोलॉजीची धास्ती घेऊ नकोस. सगळी शिकायची नाहीये. ग्लुकोज पेशीत शिरण्यापासून बायकार्बोनेट आणि ग्लुटामेट होईपर्यंतची वाट, एवढीच. त्या वाटेवरचं प्रत्येक एन्झाइम, त्याला लागणारा सहघटक, त्याला कोण अडवतं आणि कोण चालवतं, हे कागदावर स्वतःच्या हाताने काढ आणि प्रत्येक कार्बनवर नंबर टाकून तो कुठून कुठे जातो ते शोध. सहाव्या कार्बनवरचं ड्युटेरियम लॅक्टेटच्या तिसऱ्या कार्बनवर कसं पोचतं हे ज्या दिवशी न बघता काढता येईल, त्या दिवसापासून कुठल्याही फिजिओलॉजिस्टशी बोलू शकशील. आणि बोल. आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या लॅबमध्ये जाऊन बस. माझे चांगले प्रयोग तिकडून आलेत.

होकार देण्याआधी दुसऱ्या गाईडना एवढं विचार: पोलरायझर बिघडला तर दुरुस्त कोण करतं? हेलियमचा खर्च कोणाच्या ग्रँटमधून? जीवशास्त्राकडचा सहकारी पक्का ठरलाय की ठरायचाय? आणि यंत्र सहा महिने बंद पडलं तर तुझ्या थिसिसचं काय? शेवटच्याला 'तोवर फॉस्फरस किंवा ड्युटेरियमवर काम कर, तोच प्रश्न घेऊन' असं उत्तर आलं तर डोळे मिटून जा. 'वाट बघू' असं आलं तर थांबून विचार कर. इथे पेपर हळू येतात. माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी, औषधाच्या दर्जाची तपासणी, पेशंट मिळणं, सगळ्याला वेळ जातो. तुझा पहिल्या विषयातला मित्र तीन पेपर छापेल तेव्हा तुझा एक लिहून होत असेल. हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेव, नंतर सोपं जातं.

नोकरीचं म्हणशील तर माझ्या विद्यार्थ्यांपैकी थोडेच हायपरपोलराइज्डमध्ये राहिले. काही स्कॅनरच्या कंपन्यांत पल्स सिक्वेन्स लिहितात, काही औषधकंपन्यांत, एक जण हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आहे. कॉइल करता येते, स्पेक्ट्रम वाचता येतो आणि रेट इक्वेशन मांडता येतं, अशा माणसाला काम मिळतंच.

क्षकिरण:

अनुनादताई, मॅकआर्डलचं उत्तर मान्य. आमच्या न्यूरोमस्क्युलर ओपीडीतल्या सहकाऱ्यांना हा धागा पाठवतोय. भोवरा, दोन वर्षांनी डेटा घेऊन या, रिपोर्टिंगच्या बाजूने तपासून देईन.

भोवरा:

आज दुसऱ्या गाईडशी परत बोललो. यंत्र बंद पडलं तर काय, हेच आधी विचारलं. म्हणाल्या, मागच्या वर्षी तसंच झालं होतं, तेव्हा विद्यार्थी ड्युटेरियमवर गेले आणि हृदयाचा तोच प्रोजेक्ट पुढे नेला. हृदयरोगवाल्यांचा एक गट सुरुवातीपासून बरोबर आहे. मी होकार कळवला.

पहिलं वर्ष फॉस्फरस कॉइल करायला देता का, असंही विचारून टाकलं, आनंदाने हो म्हणाल्या. १७.२३५ गुणिले ३, म्हणजे ५१.७ मेगाहर्ट्झ. ताई, कपॅसिटर कुठले घ्यावेत?

अनुनाद:

छान केलंस! नॉन-मॅग्नेटिक सिरॅमिक, जास्त व्होल्टेज सोसणारे, आणि ट्युनिंग-मॅचिंगला दोन ट्रिमर. आधी मिठाच्या पाण्याच्या बाटलीवर ट्यून कर, कारण रिकाम्या कॉइलवर केलेलं ट्युनिंग पोटरी ठेवली की सरकतंच. स्पेक्ट्रमसाठी बाटलीत फॉस्फेटचं द्रावण भर. हायड्रोजनची कॉइल शेजारी असेल तर दोघींचं डीकपलिंग (एकमेकींच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ न होऊ देणं) बघायला विसरू नकोस, शिमिंग त्या हायड्रोजनवरच करावं लागेल. पहिला स्पेक्ट्रम आला की इथे टाक.